बालमनातील भीती आणि भयभेरव सुत्ताची शिकवण



स्मरणिकेत आपण धम्म, शिक्षण, संघटना अशा मोठ्या विषयांवरील लेख वाचतो. चार वर्षांचे लेकरू रात्री मागच्या अंगणातील संडासाकडे जायला भिते, हा विषय त्यांच्यापुढे क्षुल्लक वाटेल. पण घरात काय घडते ते पाहा. भीतीमुळे मूल लघवी दाबून धरते, पहाटे अंथरूण ओले होते आणि त्याबद्दल मार खाते. थोडे मोठे झाल्यावर लाईट गेली की ते पुस्तक मिटते आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येण्याचे टाळते. मोठी माणसे त्याला ‘भित्रे’ म्हणतात आणि काही दिवसांनी तेही स्वतःला भित्रे समजू लागते. छोट्या भीतीचा परिणाम छोटा राहत नाही. म्हणून या पाठात आम्ही याच एका विषयाचा अभ्यास करणार आहोत.

१. भीती कोठून येते?

सर्व भीती वाईट नसते. तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकते. आठ-नऊ महिन्यांचे झाले की अनोळखी चेहरा पाहून रडते. दोन ते चार वर्षांच्या वयात कुत्रा, अंधार, मेघगर्जना यांची भीती दिसते. चार-पाच वर्षांनंतर कल्पनाशक्ती वाढते, तशी न दिसणाऱ्या गोष्टींची भीती येते. ही वाढीची लक्षणे आहेत. बहुतेक मुलांची अशी भीती योग्य वागणूक मिळाली तर ओसरते.

आपले पूर्णा हे रेल्वेचे गाव. नांदेड-परभणीचा मार्ग आणि हिंगोली-अकोल्याकडे जाणारा मार्ग येथे मिळतात. इंजिनाची शिट्टी आणि डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज येथील मुलांच्या कानावर जन्मापासून पडतो. तरीसुद्धा फलाटावर आईच्या कडेवर असलेल्या मुलाच्या अगदी जवळ इंजिनाने एकदम शिट्टी दिली, तर पुढे कित्येक दिवस ते स्टेशनचे नाव काढताच आईला बिलगते. आवाज थांबलेला असतो, पण आवाजाच्या वेळी जे जे जवळ होते त्याला भीती चिकटते.

१९२० साली अमेरिकेतील जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखले जाणारे सुमारे अकरा महिन्यांचे बाळ पांढऱ्या उंदराला भीत नव्हते. बाळाने उंदराकडे हात नेला की त्याच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठा आवाज करण्यात येई. थोड्याच वेळा असे केल्यावर ते बाळ नुसता उंदीर पाहूनही रडू लागले आणि पुढे सशालाही भिऊ लागले. त्याची भीती घालवण्याचा प्रयत्न झाला नाही. अशा प्रयोगाला आज कोणी परवानगी देणार नाही. पण त्यातून एक गोष्ट कळली. भीती पेरता येते.

आणि पेरणारे आपणच असतो, हे आपण मान्य केले पाहिजे. मूल जेवत नाही, झोपत नाही, हट्ट करते, तेव्हा आपण काय म्हणतो? “झोप, नाहीतर बागुलबुवा येईल.” “तिकडे जाऊ नको, लिंबाखाली मुंजा आहे.” “पोलीस धरून नेईल.” “डॉक्टरला सांगून सुई टोचायला लावीन.” त्या क्षणी मूल गप्प होते, म्हणून उपाय लागू पडला असे वाटते. पण तेच मूल आजारी पडले की दवाखान्याच्या दारात किंचाळते आणि वाट चुकले तर पोलिसाकडे जायचे सोडून त्याच्यापासून लपते.

भिंतीवर तथागतांची मूर्ती आहे, शेजारी परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे आणि त्यांच्याच खाली बसून आपण लेकराला मुंजाची भीती घालतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या माणसांनी जुन्या अंधश्रद्धांचे ओझे उतरवून ठेवले. तेच ओझे आपण अंथरुणावरच्या चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर परत ठेवत आहोत काय, याचा प्रत्येक घराने विचार करावा.

२. तथागतांनी भीतीला कसे जिंकले?

मज्झिमनिकायातील चौथे सुत्त ‘भयभेरव सुत्त’ या नावाने प्रसिद्ध आहे. श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांना भेटतो आणि अरण्यात एकांतात राहणे किती कठीण आहे, हा विषय काढतो. भगवंत त्याचे म्हणणे उडवून लावत नाहीत. बोधी प्राप्त होण्यापूर्वी आपल्यालाही तसेच वाटत असे, हे ते मान्य करतात. नंतर आपला अनुभव सांगतात.

पक्षातील अष्टमी, चतुर्दशी आणि पंधराव्या रात्री लोक ज्या वनांना आणि वृक्षांना भयानक समजत, तेथे बोधिसत्त्व मुद्दाम जाऊन राहिले. रात्री एखादे जनावर येई, मोर झाडावरची काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. तेव्हा मनात येई, हीच ती भीती येत आहे काय? त्यांनी ठरवले की भीतीची वाट पाहत बसायचे नाही, ती ज्या अवस्थेत गाठील त्याच अवस्थेत तिला शमवायचे. चालताना भीती आली तर ती शमेपर्यंत ते चालतच राहिले. उभे असताना आली तर उभेच राहिले. बसलेले असताना आली तर उठले नाहीत, आडवे असताना आली तर उठून बसले नाहीत.

या सुत्तातून मुलांच्या संगोपनासाठी तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, भीती वाटणे ही लाजेची बाब नाही. स्वतः भगवंतांनी ती सांगितली आहे. दुसरी, आवाजाचे कारण पाहिले पाहिजे. तो मोर होता, वारा होता, जनावर होते. याच सुत्तात पुढे भगवंत म्हणतात की काही लोक दिवसाला रात्र आणि रात्रीला दिवस समजतात. आपण मात्र रात्रीला रात्र व दिवसाला दिवस म्हणून ओळखतो. जे आहे ते जसे आहे तसे पाहणे हाच भीतीवरचा उपाय आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भीती शमण्यापूर्वी पळ काढायचा नाही. पळालो की मन शिकते, ‘पळालो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी ते अधिक लवकर पळते. थांबलो की मन शिकते, ‘काहीच झाले नाही.’

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. बोधिसत्त्व प्रौढ होते आणि स्वतःच्या निश्चयाने गेले होते. चार वर्षांच्या मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडून ‘आता भीती जाईल’ असे म्हणणे म्हणजे या सुत्ताचा विपर्यास होय. मुलासाठी भीतीचे छोटे छोटे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्यापाशी आपण त्याच्याबरोबर थांबावे लागते. ते कसे करायचे, याचे उत्तम उदाहरण सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे आहे.

३. पीटर आणि ससा

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधक स्त्रीने १९२४ साली ‘पीटर’ नावाने एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या सुरुवातीला तो दोन वर्षे दहा महिन्यांचा होता. त्याला सशाची, पांढऱ्या उंदराची, केसाळ कोटाची, पिसांची आणि कापसाचीसुद्धा भीती वाटे. उपचारासाठी ससा निवडण्यात आला.

प्रथम सशाला न भिणारी मुले पीटरबरोबर खेळायला आणली. ससा पिंजऱ्यात, बारा फूट दूर. ते सहन होऊ लागल्यावर चार फूट, मग तीन फूट, मग अगदी जवळ. नंतर ससा खोलीत मोकळा सोडला. मग दुसऱ्याने धरलेल्या सशाला पीटरने हात लावला. अशी प्रगती चाललेली असताना पीटर तापाने आजारी पडला आणि जवळजवळ दोन महिने रुग्णालयात राहिला. घरी परतताना एक मोठा कुत्रा त्याच्यावर आणि बरोबरच्या परिचारिकेवर धावून आला. त्यानंतर पाहिले तर भीती पुन्हा पूर्वीइतकीच झालेली. सगळी मेहनत वाया गेली असे कोणालाही वाटले असते.

जोन्स यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला. आता पीटरला खुर्चीत बसवून आवडता खाऊ द्यायचा आणि त्याच वेळी ससा इतक्या अंतरावर आणायचा, की खाणे थांबणार नाही. हळूहळू अंतर कमी होत गेले. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊ लागला आणि त्याला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. कापूस, पिसे आणि केसाळ कोट यांची भीतीही त्याबरोबर गेली.

त्याच वर्षी जोन्स यांनी अनेक मुलांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. भीतीची वस्तू नुसती डोळ्यांआड ठेवणे, तोंडाने समजावणे, तीच वस्तू पुनःपुन्हा समोर आणणे, इतर मुलांकडून चेष्टा होऊ देणे, लक्ष दुसरीकडे वळवणे असे हे उपाय होते. यांतील कोणताही उपाय भरवशाचा ठरला नाही. दोनच उपाय खरे उपयोगी पडले. एक, आवडत्या गोष्टीच्या सोबतीने भीतीची वस्तू हळूहळू जवळ आणणे. दुसरा, न भिणाऱ्या मुलांना पाहून शिकणे. आपण घरात रोज वापरतो ते समजावणे, चिडवणे आणि विषय टाळणे हे उपाय न चालणाऱ्या यादीत आहेत, हे लक्षात घ्यावे.

काही वडीलधारी मंडळी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील पोहण्याच्या गोष्टीचा दाखला देतात. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मार देऊन विहिरीवर घालवते. पण श्याम तेव्हा बराच कळता होता आणि विहिरीवर पोहणारी जाणती माणसे होती. त्या गोष्टीतून घ्यायचे असेल तर मुलाने दुबळे राहू नये ही आईची तळमळ घ्यावी, मार घेऊ नये.

४. अंधाराची भीती : पायरी पायरीने

समजा, एक चार वर्षांची मुलगी अंधार पडल्यावर मागच्या अंगणात जात नाही. वडील रेल्वेत रात्रपाळीला आहेत, घरी आई, आजी आणि मोठा भाऊ आहेत. त्यांनी पुढीलप्रमाणे करावे.

पूर्वतयारी : घरातील सर्वांनी ठरवावे की बागुलबुवा, मुंजा, हडळ हे शब्द आजपासून बंद. आजीला दोष देऊ नये. तिलाही कोणीतरी लहानपणी असेच भिवविले होते. “आजी, आता नातीला धीट करायचे काम तुमच्याकडे,” असे म्हटले तर आजीच सर्वांत चांगली सोबतीण होते.

पहिली पायरी : दिवसा उजेडी मुलीबरोबर अंगणात जावे. दारापासून संडासापर्यंत किती पावले आहेत ती मोजावीत. रांजण कोठे, बादली कोठे, कपड्यांची दोरी कोठे, हे तिच्या तोंडून वदवून घ्यावे.

दुसरी पायरी : तिन्हीसांजेला, थोडा उजेड असताना, हात धरून तीच पावले पुन्हा मोजावीत. दोरीवरचा सदरा हलतो तेव्हा त्याची सावली कशी हलते, ते दाखवावे. तिला स्वतः दोरी हलवू द्यावी. ज्या सावलीला ती भीत होती ती तिच्याच हाताने नाचू लागली, की अर्धे काम झाले.

तिसरी पायरी : अंधार पडल्यावर बॅटरी मुलीच्या हातात द्यावी आणि आपण तिचा दुसरा हात धरावा. उजेड कोठे पाडायचा ते तिने ठरवावे.

चौथी पायरी : आईने अर्ध्या वाटेवर उभे राहावे आणि मुलीने पुढची पावले एकटीने जावे. आईने बोलत राहावे.

पाचवी पायरी : आईने दारात थांबावे. भावाने आधी जाऊन यावे, मग तिने जावे.

सहावी पायरी : मुलीने बॅटरी घेऊन एकटीने जावे. आईने घरातूनच ओ द्यावी.

प्रत्येक पायरीवर किती दिवस लागतील हे मुलगी ठरवील, आपण नाही. तिचा श्वास शांत झाला, चेहरा मोकळा झाला, ती इतर काही बोलू लागली, की ती पायरी जमली असे समजावे. ती रडू लागली तर आपण पायरी फार उंच घेतली आहे. तेव्हा तिला ओढू नये आणि घाईने घरातही पळवू नये. जवळ घेऊन दोन पावले मागे यावे, तेथे ती शांत होईपर्यंत थांबावे आणि मग घरात यावे. दररोज पाच-दहा मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज थोडे करणे बरे.

शाबासकी नेमकी द्यावी. “तू फार शूर आहेस” यापेक्षा “काल तू रांजणापर्यंत गेलीस, आज दोरीपर्यंत गेलीस” हे मुलाला अधिक कळते. “मुलगा असून भितोस?” किंवा “मुलीची जात भित्रीच” असे बोलणे दोघांचेही नुकसान करते. मधेच ताप आला, घरात दुःखद घटना घडली किंवा पाहुण्याने भुताची गोष्ट सांगितली, तर भीती परत येऊ शकते. अशा वेळी पीटरची आठवण ठेवावी आणि रागावता पहिल्या पायरीवर यावे. दुसऱ्यांदा चढणे असेच शांतपणे करावे.

५. काही सावधगिरीच्या गोष्टी

(अ) भीती आणि सावधपणा यांत फरक आहे. रेल्वेचे रूळ, उघडी विहीर, पुराचे पाणी यांबाबत मुलाने सावध राहिलेच पाहिजे. अंधारात बॅटरी घ्यायची, पायात चप्पल घालायची, कारण आपल्या भागात साप-विंचू आहेत. हे खरे कारण मुलाला सांगावे. ‘विंचू असू शकतो, म्हणून उजेड पाडून बघ’ या वाक्यात उपाय आहे. ‘मुंजा आहे’ या वाक्यात काहीच उपाय नाही.

(आ) संयुत्तनिकायातील धजग्ग सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आहे की अरण्यात भीती वाटली तर बुद्ध, धम्म आणि संघ यांचे स्मरण करा. मुलाने अंधारात त्रिशरण म्हटले तर मनाला आधार मिळतो आणि आवाज स्थिर होतो. पण “त्रिशरण म्हण, म्हणजे भूत पळेल” असे सांगू नये. तसे सांगितले की भूत आहे हे आपणच मान्य केले आणि त्रिशरणाचा मंत्र-ताईत केला. धम्मपदाच्या बुद्धवग्गातही हाच विचार आहे. भयभीत माणसे डोंगर, वन, वृक्ष यांना शरण जातात, पण ते सुरक्षित शरण नव्हे.

(इ) दचकणाऱ्या मुलाला अंगारा, गंडा-दोरा यांसाठी भगताकडे नेऊ नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, बांधून ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

(ई) मूल एखाद्या विशिष्ट माणसाला भीत असेल, त्याच्याजवळ जायला नकार देत असेल, तर वरील पायऱ्या तेथे वापरू नयेत. “अरे, ते तर आपले काका” असे म्हणून मुलाला पुढे ढकलू नये. शांतपणे त्याचे ऐकावे आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा. अशी भीती ही मुलाने दिलेली सूचना असू शकते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

(उ) अनेक महिने प्रयत्न करूनही भीती कमी होत नसेल, झोप, जेवण किंवा शाळा सुटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे. मनाच्या डॉक्टरांकडे जाणे म्हणजे वेडेपणा नव्हे.

६. विहार काय करू शकते?

मुले मुलांकडे पाहून धीट होतात, हे आपण पाहिले. म्हणून विहारातील बालवर्ग हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. रात्री लाईट गेली की वर्ग सोडून न देता एक मेणबत्ती लावून भिंतीवर हाताच्या सावल्यांचा खेळ घ्यावा. पौर्णिमेच्या वंदनेनंतर मोठ्या विद्यार्थ्यांनी लहानांना हात धरून घरापर्यंत पोचवावे. भयभेरव सुत्तातील मोराने पाडलेल्या काटकीची गोष्ट नाट्यरूपाने करावी. एक मूल मोर होईल, एक वारा होईल, एक पाचोळा होईल. मागून आवाज काढायचा आणि बाकीच्यांनी कोणाचा तो ओळखायचा. आवाज ऐकून पळण्याऐवजी ‘कोण आहे?’ असे विचारण्याची सवय मुलांना लागेल.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात माणूस ज्या चार कारणांनी वाईट कर्म करतो ती सांगितली आहेत. छंद, द्वेष, मोह आणि भय. भयाला तेथे लोभ-द्वेषांच्या बरोबरीने बसवले आहे. भ्यालेला माणूस खोटी साक्ष देतो, अन्याय दिसूनही गप्प बसतो, भोंदू बुवाच्या पाया पडतो. ती सवय मोठेपणी एकाएकी लागत नाही. ‘गप्प बस, नाहीतर तो येईल’ या वाक्यावर ती वाढते. आज जी मुलगी हातात बॅटरी घेऊन अंगणातील पावले मोजते, ती कारण शोधायला शिकत आहे. तिला घाई करू नका आणि तिला एकटीही सोडू नका. तिचा श्वास शांत होईपर्यंत तिच्याजवळ उभे राहा. पालकांचे काम एवढेच आहे आणि ते मोठे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भयभेरव सुत्तानुसार बोधिसत्त्वांनी भीती कशी शमवली? मुलांसाठी ती पद्धत वापरताना कोणता बदल आवश्यक आहे व का?

२. आजारपणानंतर पीटरची भीती परत आली. त्यातून पालकांनी काय शिकावे?

३. ‘त्रिशरण म्हटल्याने आधार मिळतो’ आणि ‘त्रिशरणाने भूत पळते’ या दोन विधानांतील फरक स्पष्ट करा.

४. आपल्या घरात मुलांना कोणकोणती भीती दाखवली जाते याची यादी करा. प्रत्येकीच्या जागी मुलाला कोणते खरे कारण सांगता येईल ते लिहा.

सर्व बालके निर्भय होवोत, सर्वांचे मंगल होवो.
नमो बुद्धाय! जय भीम!